ढिवरांचें पाणी आणि परराष्ट्रांचें साहाय्य

(महोत्सवी सभेंत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सव-समितीनें मला असें सुचविलें कीं, धर्मग्रामाचा पूर्वेतिहास सांगण्याचें काम दुसऱ्या वक्त्यांकडे सोंपविलेलें असल्यामुळें मीं एखाद्या लोकोपयोगी विषयावर बोलावें. विषयासाठीं मला फार दूर जावें लागलें नाहीं. आजच्या सभेस वैनगंगेच्या कांठचे कांहीं ढिवर बंधु आमच्या विनंतीस मान देऊन आले आहेत. ते आपल्या धर्मग्रामाचे नव्हेत, शेजारी आहेत. परंतु शुक्रवारीं आपल्यापैकीं पुष्कळांच्या चुलीवर जो मासा शिजतो, तो त्यांच्या घरच्या बायांनीं टोपलींतून डोक्यावर वाहून आणलेला असतो. बाजारांत भावाची घासाघीस होते. ज्या पाण्यांतून तो मासा आला त्या पाण्याची हकीकत मात्र निघत नाहीं. ती आज काढावी असें मनांत आलें.

विषयाचें नांव जरा लांबलचक आहे: लहान प्रमाणावर मासेमारी करून पोट भरणाऱ्या लोकांस जगांतील राष्ट्रांनीं एकत्र येऊन करावयाचें साहाय्य. हें ऐकून कोणी म्हणेल, "फादर, समुद्र येथून शेंकडों कोस दूर, रोमच्या आणि नॉर्वेच्या गोष्टी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत कशाला?" शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर मी आरंभींच देऊन ठेवितों. परमुलखांतून येणारी मदत दोन तऱ्हांची असते. एक मदत जिन्नस घेऊन येते: नौका, यंत्र, बीज, पैसा. दुसरी मदत साक्ष देण्यास येते. "या पाण्यावर या माणसांचा पूर्वापार हक्क आहे," असें ती राष्ट्रांच्या सभेंत उभी राहून बोलते. पहिलीनें मासळी वाढेल, परंतु ती कोणाच्या टोपलींत पडेल याची हमी नसते. दुसरी एकहि मासा देत नाहीं, आणि माझ्या मतें आपल्या ढिवरांस आधीं तीच पाहिजे आहे.

प्रथम आपलें पाणी पाहूं. पूर्व विदर्भाच्या जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक जुनीं तळीं आहेत. सरकारी कागदांत त्यांस 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात, आणि लोकांनीं त्याचा संक्षेप करून 'मामा तलाव' केला आहे. परक्या माणसास वाटतें, कोण्या मामानें भाच्याला आंदण दिलें असावें! वस्तुतः गोंड राजांच्या काळापासून हीं तळीं बांधलीं गेलीं, व त्या कामांत कोहळी समाजाचें कसब प्रसिद्ध आहे. उतरत्या जमिनीवर मातीची पाळ घालावयाची, पावसाचें पाणी अडवावयाचें, तें धानाच्या बांध्यांस द्यावयाचें, आणि तळ्यांत जें पाणी उरेल त्यांत ढिवरानें जाळें टाकावयाचें व शिंगाडा लावावयाचा, अशी ती व्यवस्था होती. मालगुजार हा कांहीं साधुपुरुष नव्हता. तथापि गांवकऱ्यांनीं लाकूड, चारा, पाणी यांचा उपभोग कसा घ्यावा याच्या चालीरीति 'वाजिब-उल-अर्ज' नांवाच्या गांवच्या दप्तरांत लिहून ठेवण्याची पद्धत मध्यप्रांतांत होती, आणि या हक्कांस लोक 'निस्तार' म्हणत. हा शब्द कृपा करून ध्यानांत ठेवा. पुढें त्याचें काम आहे.

१९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट झाली, आणि १९५१ च्या मार्चअखेरीस बहुतेक तळीं सरकारजमा झालीं. मालगुजारी गेली हें योग्यच झालें. परंतु तळ्यावरचा अधिकार मालगुजाराच्या वाड्यांतून निघाला तो ढिवराच्या झोंपडींत न येतां कचेरींत जाऊन बसला. ज्या तळ्यांत आजोबा-पणजोबांनीं जाळें टाकलें, त्याच तळ्याचा ठेका घेण्यासाठीं नातवाला सहकारी संस्था काढून अर्ज करावा लागला. या संस्थांनीं पुष्कळ चांगलें काम केलें आहे, तें मी विसरत नाहीं; सावकाराच्या व दलालाच्या हातून कित्येक कुटुंबें त्यांनींच सोडविलीं. पण ठेका मुदतीचा असतो, आणि मुदतीचा धनी तळ्याची काळजीहि मुदतीपुरतीच घेतो. पाळ खचली तर ती कोणीं बांधावी? गाळ भरला तर तो कोणीं काढावा? कांठानें बेशरम माजली तर ती कोणीं उपटावी? पाणी एका खात्याचें, मासळी दुसऱ्या खात्याची, जमीन तिसऱ्याची, असा प्रकार असल्यावर प्रश्न विचारणारा मनुष्य ऑफिसाच्या पायऱ्याच चढत-उतरत राहतो.

त्यांतच बाहेरून बीज आलें. १९५७ सालीं बँकॉकहून सिप्रिनस, आणि १९५९ सालीं ज्यांचें मूळ चीन देशांत आहे असे गवत्या व चंदेरा, हे मासे भारतांत आणले गेले. रोहू, कतला, मृगळ यांच्याबरोबर ते आपल्या तळ्यांतहि पोहोंचले. यांतहि हेतु चांगलाच होता. थोड्या दिवसांत वजनदार मासा हातीं यावा हा. परंतु गवत्या हा नांवाप्रमाणेंच पाण्यांतलें गवत खाऊन वाढतो. जेथें गवत फार माजलें आहे तेथें तो उपकारक आहे. पण आपली मरळ त्याच गवताच्या आडोशास घरटें करून पिलें सांभाळते. जाळ्यांत वजन आलें, आणि औषधाप्रमाणें आजाऱ्याला व बाळंतिणीला द्यावयाची ती मरळ, तो मागूर, ती वाम, हीं बाजारांत दुर्मिळ होत चाललीं.

तळ्यांची ही कथा. नद्यांची याहून कठीण आहे. पहिल्या पावसाचें गढूळ पाणी आलें कीं मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, ओढ्या-नाल्यांत शिरतात व तेथें अंडीं घालतात. यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतों. आतां वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यांत गोसीखुर्दचें धरण आहे; त्याची कोनशिला १९८८ च्या एप्रिलांत बसली. खालीं चामोर्शी तालुक्यांत चिचडोहचा बंधारा आहे. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याच्या जंगलापाशीं एकमेकींस मिळून प्राणहिता होतात. ती पुढें गोदावरीस मिळाल्यावर सिरोंचाच्या हद्दीवर शेजारच्या राज्यानें बांधलेलें मेडीगड्डाचें मोठें धरण आडवें येतें. तें २०१९ सालीं सुरू झालें, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत त्याचे खांब खचले. चढणीच्या माशाला राज्याची हद्द कळत नाहीं. त्याला दरवाजा बंद आहे कीं उघडा एवढेंच कळतें. शिवाय नागपूर शहराचें सांडपाणी नाग नदीनें कन्हानला आणि कन्हान नदीनें वैनगंगेला येऊन मिळतें, तें निराळेंच.

धरणाच्या पाण्यावर धान पिकतें, हें मी नाकारीत नाहीं. ज्याच्या शेताला पाणी मिळालें तो धरणाला दुवा देतो, आणि त्यानें तो द्यावा. माझें म्हणणें दुसरें आहे. धरणासाठीं जमीन गेली तर सात-बारा काढून तिचें मोल होतें. नदीचा सात-बारा नसतो. ज्या डोहावर ढिवराच्या चार पिढ्या जगल्या तो डोह नाहींसा झाला, तर त्याचें मोल कोणत्या कागदावरून करावयाचें? या एका प्रश्नासाठींच मी तुम्हांला आतां समुद्रावर घेऊन जाणार आहें, कारण ज्यांनीं त्याचें उत्तर शोधलें ते आधीं समुद्राकांठचे लोक होते.

१९५२ च्या ऑक्टोबरांत संयुक्त राष्ट्रसंघ, भारत सरकार आणि नॉर्वेचें सरकार यांच्यांत एक करार झाला, व पुढल्याच वर्षीं, आज ज्याला केरळ म्हणतात त्या किनाऱ्यावर, कोल्लमजवळ नीण्डकरा व आसपासच्या गांवीं काम सुरू झालें. नॉर्वे हें स्वतःच मासेमारांचें राष्ट्र. त्यांच्या माणसांनीं मनापासून काम केलें याविषयीं मला शंका नाहीं. त्यांनीं दवाखाना काढला, पिण्याच्या पाण्याची सोय केली, यंत्रावर चालणाऱ्या नौका बांधून दिल्या. परंतु थोड्याच वर्षांत असें दिसून आलें कीं, समुद्राच्या तळावरून ओढावयाच्या जाळ्यांत कोळंबी पुष्कळ सांपडते आणि परदेशांत तिला फार मोठा भाव येतो. तेव्हां यांत्रिक नौकांत भांडवल घालण्यास असे लोक पुढें आले कीं ज्यांच्या घराण्यांत कोणीं कधीं जाळें विणलें नव्हतें. तळ खरवडणारे ट्रॉलर किनाऱ्यालगत आले; होडीवाल्यांचीं जाळीं तुटलीं, आणि मासळी आटूं लागली. ज्याच्या नांवानें मदत आली होती तो वाळूवर उभा राहून दुसऱ्याची नौका पाहत राहिला. नॉर्वेकर वाईट होते म्हणून हें झालें नाहीं. नौका कोणाला द्यावी याचा विचार झाला होता. समुद्र कोणाचा, याचा झाला नव्हता, म्हणून झालें.

गोव्याच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या लोकांवर तोच प्रसंग आला. तेथें माथानी साल्ढाणा नांवाचे शिक्षक त्यांच्या बाजूनें उभे राहिले, आणि १९७८ सालीं देशांतील मासेमारांचा जो राष्ट्रीय मंच निघाला त्याचे ते पहिले अध्यक्ष झाले. केरळांत रिडेम्प्टरिस्ट संघाचे धर्मगुरु फादर थॉमस कोचेरी यांनीं मोर्चे काढले, उपोषणें केलीं. अशा चळवळींच्या रेट्यामुळें केरळांत १९८८ पासून पावसाळ्यांत, म्हणजे माशांच्या विणीच्या दिवसांत, ट्रॉलर बंद ठेवण्याचा नियम झाला. पुढें १९९१ सालीं सरकारनें परदेशी जहाजांस आपल्या खोल समुद्रांत भागीदारीनें मासेमारी करूं देण्याचें धोरण काढलें, त्यावरहि हा मंच लढला. अखेर सरकारनेंच नेमलेल्या मुरारी समितीनें १९९६ सालीं ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. धर्मगुरूनें सरकारच्या दारीं उपोषणास बसावें कीं नाहीं, याविषयीं आमच्या मंडळींत अजून वाद होतो. माझें मत विचाराल तर, ज्यांच्या पंगतीला फादर कोचेरी जेवले त्यांच्याच उपासाला ते बसले, यांत गैर कांहीं दिसत नाहीं.

आतां रोमची गोष्ट. १९८४ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषि संघटनेनें रोम येथें मत्स्यव्यवसायाविषयीं जागतिक परिषद भरविली. मंत्री आले, तज्ज्ञ आले. ज्याच्या हातीं जाळें असतें तो मात्र त्यांत नव्हता. तेव्हां निरनिराळ्या देशांचे मासेमार आणि त्यांचे मित्र यांनीं त्याच शहरांत आपली निराळी परिषद भरविली. तेथें त्यांना कळलें कीं, सेनेगलच्या, फिलिपाइन्सच्या, चिलीच्या आणि केरळच्या किनाऱ्यांवर एकच दुखणें आहे. त्यांतून १९८६ सालीं तिरुवनंतपुरम येथें मासेमारांच्या साहाय्यार्थ एक आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झालें, आणि १९९७ च्या नोव्हेंबरांत दिल्लींत अनेक देशांच्या मासेमार-संघटना एकत्र येऊन त्यांचा जागतिक मंच झाला. २१ नोव्हेंबर हा दिवस मत्स्यव्यवसाय दिन म्हणून पाळतात, तो त्याच मेळाव्यामुळें. (आपल्या उपासनेच्या पंचांगांत त्या दिवशीं पवित्र मरियेच्या मंदिरार्पणाचा सण येतो, तारीख लक्षांत ठेवण्यास सोपी.)

पुढें तीस वर्षांनीं, २०१४ च्या जूनांत, त्याच रोममध्यें, त्याच अन्न व कृषि संघटनेच्या समितीनें लहान प्रमाणावरील मासेमारीविषयीं मार्गदर्शक तत्त्वें संमत केलीं. १९८४ सालीं जे दाराबाहेर होते, त्यांचे प्रतिनिधि या वेळीं मसुदा घडवितांना आंत बसले होते. तो दिवस पाहण्यास दोन भारतीय माणसें मात्र राहिलीं नाहींत. फादर कोचेरी त्या मे महिन्याच्या ३ तारखेस वारले. आणि त्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या कार्यवाह श्रीमती चंद्रिका शर्मा ८ मार्च रोजीं मंगोलियांतील एका परिषदेस निघाल्या असतां, क्वालालंपूरहून उडालेलें जें मलेशियाचें विमान नाहींसें झालें, त्यांत होत्या. हीं तत्त्वें त्यांच्याच स्मृतीस अर्पण केलेलीं आहेत.

या तत्त्वांत आपल्या उपयोगाचें काय आहे? पहिली गोष्ट ही कीं, तीं केवळ समुद्रापुरतीं नाहींत. नद्या, तळीं, जलाशय यांतील मासेमारीसहि तीं लागू आहेत. म्हणजे सिरोंचाचा डोंगेवाला आणि नीण्डकऱ्याचा होडीवाला एकाच पानावर आले. दुसरी ही कीं, चालीरीतींनीं चालत आलेला पाण्याचा हक्क, मग तो कागदावर असो वा नसो, राष्ट्रांनीं ओळखावा व त्याचें रक्षण करावें, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. मोठें धरण किंवा प्रकल्प करण्यापूर्वीं मासेमारांवर त्याचा काय परिणाम होईल तें तपासावें, व त्यांच्याशीं खरोखरीचा विचारविनिमय करावा, असेंहि आहे. आणि मासळी वाळविणाऱ्या, विकणाऱ्या स्त्रिया ह्याहि मासेमारच होत, हें त्यांत मान्य केलें आहे. २०२३ सालीं याच संघटनेनें दुसऱ्या दोन संस्थांसह एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तींत असें आढळलें कीं, जगांत निसर्गाच्या पाण्यांतून जितकी मासळी धरली जाते तिच्यापैकीं निदान शेंकडा ४० लहान मासेमारांच्या हातची असते, आणि या लहान धंद्यांत राबणाऱ्या दर १० माणसांत ४ स्त्रिया असतात. दिवंगत परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनींहि २०१५ च्या आपल्या परिपत्रकांत, जगांतील बहुसंख्य लोकांस पोसणाऱ्या लहान व्यवस्थांमध्यें स्थानिक मासेमारीचें नांव घेतलें आहे.

हीं तत्त्वें ऐच्छिक आहेत. त्यांच्या आधारें कोणत्याहि न्यायालयांत दावा लागत नाहीं. मग तीं कागदाचीच नौका म्हणावीं काय? मला तसें वाटत नाहीं, आणि त्याचें कारण आपल्याच देशाच्या एका कायद्यांत आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमांत सामुदायिक हक्कांची जी यादी आहे, तींत जलाशयांतील मासे व इतर उत्पन्न यांचा उल्लेख आहे. निस्तार हाहि त्याच यादींत आहे. मघाशीं लक्षांत ठेवण्यास सांगितलेला शब्द तो हाच. रोममध्यें राष्ट्रांनीं जें इच्छिलें, त्याचा कांहीं भाग दिल्लीच्या कायद्यानें, निदान वनहद्दींतल्या पाण्यापुरता, आठ वर्षें आधींच देऊं केला होता. बाहेरची साक्ष आणि घरचा कायदा अशीं दोन्हीं जवळ आहेत. मध्यें उणीव आहे ती मागणाऱ्याची.

गडचिरोली जिल्ह्याचें नांव याबाबतींत देशभर झालें आहे. मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्यामागून जिल्ह्यांतल्या हजाराहून अधिक गांवांस मिळाला. परंतु या हक्कांची चर्चा निघाली म्हणजे बांबू आणि तेंदूपान यांचींच नांवें निघतात. त्यांत रोख पैसा आहे, म्हणून तसें होणें साहजिक आहे. मासळी मुक्यानेंच राहते.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे, आणि ती मी टाळणार नाहीं. ढिवर हे आपल्या राज्यांत भटक्या जमातींत गणले जातात, अनुसूचित जमातींत नव्हे. त्यामुळें वनहक्क कायद्याखालीं त्यांस 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून यावें लागतें, आणि त्यासाठीं १३ डिसेंबर २००५ पूर्वीं तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षें, तेथें राहून वनावर निर्वाह केल्याचें दाखवावें लागतें. १९३० सालीं ढिवराच्या पणजोबाजवळ डोंगा होता, जाळें होतें. कागद कोठला असणार? इकडे अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्यानें लहान जलाशयांची व्यवस्था पंचायतींकडे सोंपविली आहे. गोंड व माडिया बंधूहि मासे धरतात, त्यांचाहि हक्क जुना आहे. मग ग्रामसभा एकीकडे आणि ढिवरांची संस्था दुसरीकडे अशी ओढाताण होते, व ठेकेदार तिसऱ्या बाजूस बसून वाट पाहतो. माझी दोघांसहि हात जोडून विनंति आहे कीं, कचेरींत जाण्याआधीं एकाच पाळेवर बसावें. डोह कोणाचा हें ठरविण्यापूर्वीं, कोणत्या महिन्यांत कोणीं व कोणत्या जाळ्यानें धरावें, आणि विणीच्या दिवसांत कोणींच धरूं नये, एवढें ठरलें तरी निम्में भांडण मिटेल.

हें स्वप्नरंजन नव्हे. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यांत, अर्जुनी-मोरगांवच्या बाजूस, भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढिवर समाजांतील जाणते मासेमार पतिराम तुमसरे यांनीं स्थानिक मासेमार संस्थांना बरोबर घेऊन तळीं सुधारण्याचें काम केलें. त्यांनीं आधीं म्हाताऱ्यांकडून तळ्याची माहिती गोळा केली: कोणती वनस्पति कोठें असे, कोणता मासा तिच्या आश्रयास येई. मग बेशरम उपटली, पाण्यांतल्या देशी वनस्पति पुन्हां लावल्या, आणि या श्रमांत स्त्रियांचा वांटा मोठा होता. गेलेले देशी मासे परतूं लागले. येथें विद्या ढिवरांची होती. तिला शास्त्राची जोड मिळाली, आणि शास्त्रानें तिच्यापुढें नम्रपणा ठेवला. परदेशांतील मित्रांनीं कोठें साहाय्य द्यावें असें मला कोणी विचारलें तर मी हेंच ठिकाण दाखवीन.

आपल्या ख्रिस्तसभेचे संबंध अनेक देशांशीं आहेत. उद्यां बाहेरची एखादी संस्था पत्र लिहून विचारील, "तुमच्याकडील गरीब मासेमारांस किती जाळीं व किती नौका हव्यात?" त्या पत्राच्या उत्तरांत लगेच आंकडा भरूं नये. आधीं लिहावें कीं, जुन्या बंदोबस्ताच्या नोंदी व वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला काढण्यास आम्हांस खर्च पाहिजे. नकाशावर डोह मांडणारा जाणता मनुष्य पाहिजे. आणि ज्या ठिकाणीं धरणाचा विचार होतो त्या ठिकाणीं, या नदीवर माणसें जगतात, एवढें बोलणारा पाहिजे. जाळीं आमच्या बाया-पुरुषांना विणतां येतात.

आतां एक व्यवहाराची सूचना करून मी बसतों. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत पुरावा कोणता चालतो त्याची यादी आहे. तींत जुन्या सरकारी नोंदी आहेत, निस्तार आहे, मासेमारीच्या पूर्वापार जागा आहेत, आणि वडील माणसांचें लेखी निवेदनहि आहे. मात्र तें वडील माणूस स्वतः दावेदार असतां कामा नये. म्हणजे ढिवरासाठीं ढिवरानें बोलून भागत नाहीं; शेजाऱ्यानें बोलावें लागतें. आपल्या धर्मग्रामांत सत्तरी उलटलेलीं, येथेंच जन्मलेलीं कित्येक माणसें आहेत. जेवणें झाल्यावर शाळेच्या पहिल्या खोलींत दोन शिक्षक वही घेऊन बसतील. ज्या आजीबाईंनीं लहानपणीं आपल्या आईबरोबर नदीवर जाऊन मासे घेतले असतील, त्यांनीं तेथें जावें, आणि कोणत्या डोहावर, कोणत्या ऋतूंत, कोणाच्या घरच्या बाईकडून मासे घेत, तें सांगावें. डोहांचीं नांवें जशीं तोंडांत आहेत तशींच लिहावयाचीं आहेत, शुद्ध करूं नयेत. सही येत नसल्यास अंगठा चालेल. ढिवर बंधूंनीं त्याच वेळीं शेजारच्या खोलींत नकाशा घेऊन बसावें, म्हणजे नांव आणि जागा यांचा मेळ आजच घालतां येईल.